दहावा माणूस घ्यावा की नऊवर थांबावं?

प्रश्न : ताई, रबाळे एमआयडीसीत माझा पॉवर प्रेसचा गाळा आहे. नऊ माणसं आहेत, सरासरी पगार १७,००० रुपये. काम वाढलंय, दहावा माणूस हवाय. पण दहावा आला की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होणार. आमचे सीए म्हणतात, नऊवरच थांबा, दहावा ठेकेदाराकडून घ्या. विमा एजंट म्हणतो, ग्रुप मेडिक्लेम काढा आणि निम्मा प्रीमियम कामगारांच्या पगारातून कापा. तीन लाखांच्या कव्हरला त्याने कुटुंबामागे वर्षाला ११,००० रुपये सांगितलेत, जीएसटी वेगळा. माणसांसाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटतं, पण धंदा आत्ता कुठे सावरतोय. काय करू?
— एक उद्योजक, रबाळे

उत्तर : तुमच्या सीएंच्या डोक्यातला हिशेब मी आधी कागदावर मांडते, कारण तो खोटा नाही. १ जुलै २०१९ पासून ईएसआयमध्ये मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. त्याआधी हेच आकडे ४.७५ आणि १.७५ होते. तुमच्याकडे दहा माणसं झाली की महिन्याचा पगार १,७०,००० होईल आणि तुमचा वाटा ५,५२५. यात दहाव्या माणसाच्या नावचे साधारण साडेपाचशेच आहेत. पण तो दारात आला म्हणून आधीच्या नऊ जणांचेही सुरू होतात. म्हणून १७,००० चा माणूस तुम्हाला २२,५२५ चा वाटतो. शिवाय एकदा लागू झालेला ईएसआय माणसं पुन्हा नऊवर आली तरी सुटत नाही. ठाणे-बेलापूर रोडवर माझ्या ओळखीचे कितीतरी गाळे वर्षानुवर्षं नऊवर अडकून पडलेत ते यामुळेच. काम असूनही ते मोठे होत नाहीत.

आता या हिशेबात न दिसणारा खर्च सांगते. १९९६ साली मी वागळे इस्टेटमधल्या एका प्रेस शॉपमध्ये हिशेबाला लागले. मस्टरवर आठ माणसं होती. मस्टरखाली लाल कापडी बांधणीची एक वही असायची, ती उचलीची. पावसाळा लागला की ती वही भरायला लागायची. मलेरिया, कावीळ, पोराला जुलाब, बायकोचं बाळंतपण. प्रत्येक नोंदीपुढे रक्कम आणि अंगठा किंवा सही. दर महिन्याला पगारातून थोडी थोडी वळती करायची. गणपतीला गावी गेलेला एखादा ऑपरेटर परत यायचाच नाही, कारण परत आलं की अर्धा पगार उचलीतच जाणार हे त्याला ठाऊक असायचं. मालकाची उचल बुडायची, शिकवलेला माणूस जायचा आणि नवा माणूस हाताला लागेपर्यंत डाय खराब व्हायचे ते निराळंच. हा सगळा आरोग्याचाच खर्च होता. पण पगारपत्रकात त्याला रकाना नव्हता, म्हणून तो कुणी धरायचं नाही.

२००३ च्या पावसाळ्यात एका ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटं डायखाली गेली. आमचे शेठ माणूस म्हणून फार चांगले होते. स्वतःच्या गाडीतून त्याला खासगी हॉस्पिटलात घेऊन गेले, सगळं बिल भरलं, नंतर भरपाईही दिली. त्यासाठी त्यांना एक लेथ विकावं लागलं. लेथ गेलं तशी लेथच्या कामाची दोन गिऱ्हाइकं गेली आणि दिवाळीनंतर दोन हेल्पर कमी करावे लागले. त्या दोघांची बोटं शाबूत होती, अपघाताशी त्यांचा काही संबंध नव्हता. एका माणसाचा अपघात तिघांच्या घरात शिरला. त्यांचा शेवटचा पगार मीच मोजून दिला, तो दिवस माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे.

तुमचाही गाळा प्रेसचाच आहे, म्हणून हे इतक्या विस्ताराने लिहिलं. ईएसआय लागू असेल तर कामावरच्या अपघाताची भरपाई ईएसआय महामंडळ देतं, मालकावर ती जबाबदारी राहत नाही. ईएसआय नसेल तर ती पूर्ण तुमच्यावर येते. तीस वर्षांचा कामगार कामावर दगावला, तर भरपाईच्या कायद्याने पगाराची निम्मी रक्कम गुणिले २०७.९८ असा हिशेब होतो. या मोजणीत पगार १५,००० पर्यंतच धरतात, तरी रक्कम १५,५९,८५० रुपये येते. तुमचा ईएसआयचा वाटा वर्षाला ६६,३०० आहे. म्हणजे एका वाईट दिवसाची किंमत तेवीस वर्षांच्या वाट्याएवढी.

आता एजंटचा कागद घेऊ. दहा कुटुंबांचे १,१०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १९,८००, एकूण १,२९,८००. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी माफ झाला तो स्वतःच्या आणि कुटुंबाच्या पॉलिसीवर, ग्रुप पॉलिसीवर नाही. कायद्याने सक्ती नसताना काढलेल्या ग्रुप पॉलिसीच्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. निम्मा वाटा धरला तरी तुमच्या खिशातून ६४,९०० जाणार, ईएसआयला जातात जवळपास तेवढेच. पण कामगाराकडे बघा. त्याचे ईएसआयमध्ये महिन्याला १२८ रुपये जातील, इथे ५४१. शिवाय आजारपणात घरी बसला त्या दिवसांचा पगार मेडिक्लेम देत नाही. ईएसआयमध्ये आजारपणाला वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के मिळतात. कामावर अपघात झाला तर ९० टक्के, आणि तेही डॉक्टर जितके दिवस लिहितील तितके. उपचाराच्या खर्चाला तीन लाखांसारखी मर्यादा नाही.

निम्म्या-निम्म्या प्रीमियमची आणखी एक अडचण मी दोन ठिकाणी जवळून पाहिलीय. ५४१ रुपये कापणार म्हटल्यावर बावीस-पंचवीसची पोरं म्हणतात, मला काय झालंय? ती नाव देत नाहीत. ज्याच्या घरी कुणी सतत आजारी असतं तो लगेच देतो. मग वर्षभरात क्लेम जास्त होतात, पुढच्या वर्षी प्रीमियम चढतो, तो चढला की आणखी दोघे गळतात. तिसऱ्या वर्षी योजना बंद. म्हणून ग्रुप काढायचा असेल तर सगळ्यांचा काढा आणि मोठा वाटा तुम्ही उचला.

एजंटला को-पे, म्हणजे बिलातला कामगाराने भरायचा हिस्सा, किती तेही विचारा. तो २० टक्के असला आणि बिल १,८०,००० झालं, तर ३६,००० कामगाराला काउंटरवर भरावे लागतात. दोन महिन्यांचा पगार, आणि तोही घरातलं माणूस आत पडलेलं असताना. वाटा वाटून घ्यायचा तर तो महिन्याच्या महिन्याला, धडधाकट असताना घ्यावा. आजारपणात मागितलेला वाटा पुन्हा उचलीच्या वहीतच जातो, किंवा सावकाराच्या.

मी तुमच्या जागी असते तर दहावा माणूस घेतला असता, आणि सरळ स्वतःच्या मस्टरवर. ठेकेदाराकडून आणलेला माणूसही मोजणीत धरतात, त्यामुळे ती पळवाट तपासणीत टिकत नाही आणि मागचा वाटा १२ टक्के व्याजासकट भरावा लागतो. महिन्याला प्रेसचे किती स्ट्रोक होतात, म्हणजे किती नग निघतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन लाख असतील तर ५,५२५ रुपये म्हणजे नगामागे पावणेतीन पैसे. पुढचं कोटेशन देताना ते धरा. विजेचा दर वाढला की आपण जॉब वर्कचा रेट वाढवून मागतोच ना? तसंच हेही मागा. पार्टी घासाघीस करील, पण पावणेतीन पैशांसाठी वेळेवर माल देणारा गाळा कुणी सोडत नाही.

प्रश्न : मी दिघ्याला राहते आणि रबाळ्याला एका कंपनीत पॅकिंगला आहे. पगार १३,५००. दर महिन्याला ईएसआयचे १०२ रुपये कापतात. दवाखान्यात गेलं की अर्धा दिवस रांगेत जातो, हजेरी बुडते. म्हणून मी घराजवळच्या डॉक्टरकडे जाते, तिथे तीनशे रुपये लागतात. म्हणजे दोन्हीकडून पैसे जातात. आम्हाला हे पैसे हातात द्या असं सांगता येईल का?
— एक वाचक, दिघा

उत्तर : नाही सांगता येणार. पगार २१,००० च्या आत असेल आणि कंपनीला ईएसआय लागू असेल, तर कुणालाच बाहेर राहता येत नाही. पण तुमची तक्रार मी पुसून टाकणार नाही. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर तुमची एका दिवसाची मजुरी ५१९ होते, अर्ध्या दिवसाची २६०. दवाखान्यातलं फुकट औषध तुम्हाला २६० रुपयांना पडतं, आणि घराजवळचा डॉक्टर तीनशेला. साध्या खोकल्या-तापाला तुम्ही घराजवळ जाता यात काही चुकत नाही. रांगेत गेलेला वेळ हाही कामगाराच्या खिशातलाच वाटा आहे आणि तो कुठल्याच चलनात दिसत नाही. दवाखान्यांमध्ये डॉक्टर आणि वेळ दोन्ही वाढायला हवेत, हे मी इतकी वर्षं जिथे जमेल तिथे सांगत आलेय.

दोन गोष्टी लगेच करून बघा. तुमच्या नावावर कुठला दवाखाना लावलाय ते ऑफिसात विचारा. बऱ्याचदा कंपनीच्या सोयीचा लावलेला असतो, तो बदलून घराजवळचा किंवा जवळचा पॅनेल डॉक्टर, म्हणजे ईएसआयने नेमलेला खासगी डॉक्टर, घेता येतो. दुसरं, नवरा, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील यांची नावं कार्डावर चढलीत का ते बघा. नाव चढलेलं नसलं की रात्री-अपरात्री दारात अडवतात.

१०२ रुपयांच्या शेजारी मालकाचे ४३९ रुपये दर महिन्याला भरले जातात, ते तुमच्या स्लिपवर दिसत नसतील. मिळून ५४१ झाले. हे सर्दी-खोकल्यासाठी नाहीतच. वर सांगितलेल्या प्रेस शॉपमध्ये अपघाताच्या पुढच्या वर्षी माणसं अकरा झाली आणि शेठनी पहिल्याच महिन्यात ईएसआयची नोंदणी केली. काही वर्षांनी एका हेल्परच्या बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ते ईएसआयकडून जोडलेल्या हॉस्पिटलात व्हायचं, पैसे न भरता. आजारपणाच्या रोख लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. त्याला वाटायचं दिवस कमी पडले तर बायकोचा उपचारच थांबेल, म्हणून तो दर पगाराला माझ्या टेबलापाशी यायचा आणि विचारायचा, "बाई, माझे किती भरले?" मी बोटाने मस्टरवरच्या हजेऱ्या मोजून दाखवायची. त्याने त्या सगळ्या काळात एकदाही उचल मागितली नाही. घरातलं डोरलंसुद्धा गहाण पडलं नाही.

आणखी एक. तुमच्या लाइनवर नवीन लग्न झालेल्या मुली असतील. ईएसआयमध्ये बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण मजुरी मिळते. आधीच्या दोन वर्गणी-काळांत मिळून ७० दिवस भरलेले हवेत. तुमच्याएवढा पगार असेल तर ती रक्कम सुमारे ८१,००० होते, आणि ती महामंडळ देतं, मालक नाही. जिथे ईएसआय नाही तिथे कायद्याने हीच रक्कम मालकाने द्यायची असते. मग छोटा मालक मुलाखतीतच विचारतो, "लग्न झालंय का?" आणि मुलीला काम देत नाही. मी अशा मुली रडत परत जाताना पाहिल्यात. खर्च सगळ्यांत वाटला गेला की मालकाला त्या एका मुलीची भीती उरत नाही. तुमचे १०२ रुपये तिच्याही कामाला येतात.

प्रश्न : कळव्यात माझं कपड्यांचं दुकान आहे, चार माणसं. आम्हाला ईएसआय घेता येईल का?
— एक दुकानदार, कळवा

उत्तर : २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याची सोय आहे. दहापेक्षा कमी माणसं असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने येता येतं. चौघांना एकत्र बसवून विचारा. दरम्यान प्रत्येकाचं रेशन कार्ड आणि आधार नीट जुळतंय ना तेवढं बघून द्या, म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं कुटुंबामागे पाच लाखांचं कव्हर अडणार नाही. ते मोठ्या उपचारांसाठी आहे. घरी बसलेल्या दिवसांचा पगार त्यात मिळत नाही.

प्रश्न : आमच्या कंपनीत पगारातून ईएसआयचे पूर्ण चार टक्के कापतात. एचआर म्हणतं, "सीटीसीत (कंपनीला पडणाऱ्या एकूण पगारखर्चात) ठरलंय." हे बरोबर आहे का?
— एक कामगार, तुर्भे

उत्तर : नाही. तुमच्याकडून फक्त ०.७५ टक्के घेता येतात. मालकाचा ३.२५ टक्के वाटा कामगाराच्या पगारातून वसूल करायला कायद्याने मनाई आहे, कुठल्याही करारात काहीही लिहिलेलं असो. हे वाचून मला राग आला. दोघांनी मिळून उचलायचं ओझं एकाच्याच डोक्यावर ठेवायचं आणि त्याला वाटणी म्हणायचं, ही फसवणूक आहे. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. तुमचा विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या पोर्टलवर प्रत्येक महिन्याची वर्गणी जमा झालीय का तेही बघा. महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. कापून न भरणं हा गुन्हा आहे. तक्रार एकट्याने करू नका, चार-पाच जण मिळून सह्या करा.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये मी सुपरवायझर आहे. पगार २०,२०० आहे, मालक येत्या एप्रिलपासून २१,६०० करणार. पण मग ईएसआय जाईल. बायकोला थायरॉइड आणि मला शुगर आहे. वाढ नाकारू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाकारू नका. पण तारीख बदलून मागा. ईएसआयचा एक वर्गणी-काळ १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असा असतो. पगार १ एप्रिललाच २१,००० च्या वर गेला तर तुम्ही तेव्हाच बाहेर पडता. तोच १ मेपासून वाढला तर ३० सप्टेंबरपर्यंत तुम्ही आत राहता आणि त्या वर्गणीवरचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. एका महिन्याचे १,४०० रुपये सोडून वर्षभराची सवड हाती येते.

त्याआधी २१,६०० मध्ये कुठले भत्ते आहेत ते बघा. नव्या संहितेत पगाराची व्याख्या बदललीय. घरभाडं, प्रवास असे भत्ते पगारात धरत नाहीत. ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील तर फक्त वरचा भाग मिळवतात. कदाचित तुमचा हिशेबातला पगार २१,००० च्या आतच राहील आणि प्रश्नच उरणार नाही.

राहिला नाही तर मिळालेली सवड वाया घालवू नका. कुटुंबाची स्वतःची पॉलिसी आत्ताच काढा, ईएसआय चालू असतानाच. शुगर आणि थायरॉइड अर्जात स्पष्ट लिहा. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, ते घड्याळ लवकर सुरू झालेलं बरं. त्यावर आता जीएसटी नाही.

आणि मालकांना हा हिशेब दाखवा. आज ते तुमच्यासाठी महिन्याला ६५७ रुपये ईएसआयला भरतात, तुम्ही १५२. तुम्ही बाहेर पडलात की दोन्ही वाचतात, वर्षाचे ७,८८४ आणि १,८२४, मिळून ९,७०८. एवढ्यात कुटुंबाच्या पॉलिसीच्या प्रीमियमचा मोठा भाग निघतो. त्यांना म्हणा, "तुमचा वाचलेला वाटा माझ्या पॉलिसीत घाला, माझा मी घालतो." बहुतेक मालकांनी हा आकडा कधी बघितलेलाच नसतो. मार्चचा पगार होण्याआधी बोला, पत्रकं एकदा तयार झाली की कुणी बदलत नाही.